कोणता कपडा ड्रायरमध्ये घालायचा आणि कधी काढायचा

पावसाळ्यात आमच्या घरात कपड्यांच्या दोऱ्या तीन ठिकाणी असायच्या. गॅलरीत एक, हॉलमध्ये पंख्याखाली दुसरी आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवी तिसरी. तरीही मुलाचा गणवेश सकाळी हाताला दमटच लागायचा आणि शाळेची बस यायच्या आधी मी तो इस्त्रीने वाळवत उभी असायचे. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या दिवसांत हवेतच इतकं पाणी असतं की कापडातलं पाणी जाणार कुठे?

शेवटी आम्ही ड्रायर घेतला. पहिल्या पावसाळ्यातच माझ्या हातून काही चांगले कपडे बिघडले. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मी त्यानंतर सावकाश वाचली. पण परकर, पंचा, दुपटी, फॉल लावलेली साडी, हे आपल्या घरातले कपडे तिच्यात नव्हते. ज्यांच्या घरी ड्रायर नुकताच आला आहे किंवा यायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू

आपल्याकडे ‘ड्रायर’ म्हटलं की पुष्कळांना सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा शेजारचा छोटा टब आठवतो. तो टब कपडे गरगर फिरवून पाणी बाहेर फेकतो, म्हणजे कपडे पिळतो. वाळवत नाही. फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये हेच काम शेवटचा ‘स्पिन’ करतो. मी ज्याबद्दल लिहिते आहे तो टम्बल ड्रायर, म्हणजे स्वतंत्र यंत्र. त्यात कपडे सावकाश उलटेपालटे होत राहतात आणि त्यांच्यातून गरम हवा फिरते.

त्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात गरम, ओली हवा मागच्या जाड पाइपमधून बाहेर सोडतात. हा सगळ्यात साधा आणि स्वस्त. पाइप खिडकीबाहेर काढायची सोय असेल तरच तो घ्यावा. पाइप खोलीतच मोकळा सोडला तर सगळी वाफ भिंतींवर बसते, आणि ड्रायर तीच ओली हवा परत आत ओढतो. दुसरा कंडेन्सर प्रकार. यात वाफेचं पाणी होऊन एका टाकीत साठतं. तिसरा हीट पंपवाला. तोही पाणी साठवतो, पण कमी तापमानावर चालतो आणि वीज बरीच कमी खातो. किंमत जास्त, वेळही जास्त. कापडाचा विचार केला तर माझं मत सरळ हीट पंपाच्या बाजूने आहे, कारण कपडे बिघडण्याचं मुख्य कारण जास्तीची उष्णता हेच असतं.

धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात असेल तर एक गोष्ट पाहून घ्या. धुण्याची क्षमता ८ किलो असली तरी वाळवण्याची बहुधा ५ किलोच्या आसपास असते. धुतलेला सगळा ढीग तसाच वाळवायला लावला तर तो दमट राहतो आणि चोळामोळा होऊन बाहेर येतो. धुऊन झालं की निम्मे कपडे काढून घ्यायचे आणि मग वाळवणं सुरू करायचं.

हीटरवाला ड्रायर २००० वॉटच्या वर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉवर पॉइंट आणि नीट अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्डवर तो कधीही लावू नका. यंत्र वॉशिंग मशीनवर चढवायचं असेल तर दोन्हींच्या मधे बसणारी पट्टी वेगळी विकत मिळते. ती कंपनीच्या माणसाकडूनच बसवून घ्या.

पाणी आधी पिळून काढा

ड्रायरचं निम्मं काम वॉशिंग मशीनमध्येच व्हायला हवं. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट वीज लागते. हे निसर्गाचं गणित आहे, कोणत्याही कंपनीच्या हीटरला ते चुकत नाही. तेच एक लिटर पाणी स्पिनमध्ये फेकून द्यायला त्याच्या कितीतरी पट कमी वीज पुरते. पाच किलो सुती कपडे कमी वेगाने पिळले तर त्यांत साडेतीन लिटरच्या आसपास पाणी राहतं. मिनिटाला १२०० ते १४०० फेऱ्यांनी पिळले तर ते अडीच लिटरपर्यंत उतरतं. म्हणून टॉवेल, चादरी, जीन्स यांना सगळ्यात जास्त स्पिन द्या. लोकर, रेशीम आणि रेयॉनला मात्र तो वेग सोसत नाही.

मशीनमधून कपडे काढले की ते पिळाचे गोळे होऊन येतात. तसेच ड्रममध्ये कोंबू नका. प्रत्येक कपडा दोन्ही हातांनी धरून एकदा झटकायचा, दोरीवर टाकण्याआधी झटकतो तसाच. बाही आत गेली असेल तर बाहेर काढायची. झटकलेला आणि न झटकलेला शर्ट एकाच घाण्यात घालून पाहा. न झटकलेल्याची कॉलर आणि काखेचा भाग ओला राहतो.

त्याच वेळी डाग बघून घ्या. चहाचा, रक्ताचा, तेलाचा डाग धुण्यात गेला नसेल तर तो कपडा ड्रायरमध्ये जाता कामा नये. उष्णतेने डाग धाग्यात पक्का बसतो आणि मग निघत नाही. हळदीच्या डागाला तर ऊनच हवं. हळदीचा पिवळा रंग उजेडात टिकत नाही, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवला की पुसट होत जातो. हळदी समारंभातला कुर्ता पावसाळ्यात असाच बाजूला ठेवा आणि पहिली उघडीप मिळाली की उन्हात घाला.

कपड्याला आधीच कुबट वास येत असेल तर ड्रायर तो घालवणार नाही. तो वास कपडा फार वेळ ओला राहिल्यावर त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. गरम हवेने तो तात्पुरता दबतो आणि अंगात घालून घाम आला की परत येतो. असा कपडा पुन्हा धुवायचा, मगच वाळवायचा. धुणं झालेले कपडे मशीनमध्ये रात्रभर पडू न देणं हा त्यावरचा खरा उपाय.

प्रत्येक धाग्याची तहान वेगळी

एवढी एक गोष्ट समजली की बाकी सगळं आपोआप कळत जातं, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याला कोरडा वाटणारा कपडाही कधी शंभर टक्के कोरडा नसतो. साधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून असतो. रेशीम ११ टक्के धरतं, रेयॉन त्याहून थोडं जास्त, आणि लोकर १६ टक्क्यांच्या आसपास. नायलॉन ४ टक्के. पॉलिएस्टर मात्र अर्धा टक्कासुद्धा नाही.

आता विचार करा, एकाच घाण्यात टॉवेल आणि पॉलिएस्टरची ओढणी घातली तर काय होईल? ओढणी वीस मिनिटांत वाळेल. टॉवेलला सव्वा तास लागेल. उरलेले पंचावन्न मिनिटं ती कोरडी ओढणी गरम हवेत नुसती भाजत राहील. त्या ओढणीची चमक जाते, तिच्यावर बारीक गोळे येतात आणि काढताना ती अंगाला चिकटते, चटचट आवाज येतो.

म्हणून धुताना जशी रंगाची वाटणी करतो, तशी वाळवताना वाळण्याच्या वेळेची वाटणी करायची. जाड सुती एकीकडे, पातळ सुती दुसरीकडे, सिंथेटिक तिसरीकडे. त्यातही नवीन गडद रंगाचा कपडा, विशेषतः बांधणी किंवा ठशांची छपाई, पहिल्या चार-पाच वेळा एकटाच. दमट कपडे घासले गेले की रंग शेजारच्याला लागतो.

आणि वाळलेलं कापड आणखी तापवायचं नाही. सुती धाग्यातलं ते ८ टक्के पाणीसुद्धा काढून टाकलं की टॉवेल खरखरीत होतो, शर्टच्या सुरकुत्या इस्त्रीला दाद देत नाहीत आणि धागा ठिसूळ होऊन लवकर झिजतो. आमच्या सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, “अगं, जरा दमट असतानाच काढ. कडकडीत वाळलं की घडी बसत नाही.” त्यांच्या तरुणपणी इस्त्री रोज नसायची. सुती साडी दोरीवरून किंचित दमट असतानाच उतरवायची, दोघींनी दोन टोकं धरून ताणायची, घडी घालायची आणि गादीखाली ठेवायची. सकाळी ती परीटघडीसारखी निघायची. ड्रायरला हाच नियम जसाच्या तसा लागू पडतो.

लेबलवरची खूण

कपड्याच्या आतल्या शिवणीत एक छोटी पट्टी असते. तिच्यावर चौकोनात गोल दिसला तर ती ड्रायरची खूण. गोलात एक ठिपका असेल तर कमी उष्णता, म्हणजे जास्तीत जास्त ६० अंश सेल्सिअस. दोन ठिपके असतील तर नेहमीची, ८० अंशांपर्यंत. त्या चौकोनावर फुली असेल तर ड्रायर नाही. नुसता चौकोन आणि आत दोरीसारखी वक्र रेघ म्हणजे दोरीवर वाळवा, आणि चौकोनात आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून वाळवा.

शिंप्याकडून शिवलेल्या कपड्यांना ही पट्टी नसते. तिथे कापड कोणतं आहे ते आपल्यालाच ठाऊक हवं. ठाऊक नसेल तर कमी उष्णता लावा आणि वीस मिनिटांनी उघडून बघा.

सुती कपडे

टॉवेल हा ड्रायरचा सगळ्यात आवडता कपडा. दोरीवर वाळलेला टॉवेल पावसाळ्यात कडक होतो. ड्रायरमध्ये त्याच्या धाग्यांचे फासे सतत उलटेपालटे होत राहिल्याने तो फुलतो. नेहमीची उष्णता चालते. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर मात्र घालू नका. त्याचा मेणासारखा थर फाशांवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. पंचा पातळ असतो, तो टॉवेलांबरोबर न घालता शर्टांबरोबर घाला.

चादरींचा त्रास वेगळाच. डबल बेडची चादर फिरता फिरता स्वतःभोवती गुंडाळली जाते, उशांचे अभ्रे गिळते आणि त्यांचा एक मोठा लाडू होतो. बाहेरून गरम, आत चिंब. एका वेळी दोन चादरी पुरेत. अभ्रे वेगळे घाला, आणि अर्ध्या वेळात यंत्र थांबवून चादर मोकळी करून परत सोडा.

ड्रम निम्मा भरावा, फार तर दोन तृतीयांश. कपड्यांना खाली पडायला जागा असली तरच हवा त्यांच्यातून जाते. फार कमी कपडेही नकोत. एकटा कुर्ता ड्रमच्या भिंतीला चिकटून राहतो आणि ओलावा मोजणाऱ्या पट्ट्यांना लागतच नाही, मग यंत्राला वाटतं की काम झालं. अशा वेळी सोबत एक-दोन कोरडे टॉवेल घाला.

शर्ट आणि कुर्त्यांना मध्यम किंवा कमी उष्णता. बटणं उघडी, चेन लावलेली, खिसे रिकामे. काही यंत्रांवर ‘इस्त्रीपुरतं कोरडं’ अशा अर्थाची खूण असते. सुती शर्टांना तीच लावा. यंत्र थांबलं की लगेच काढून हँगरला लावा, कॉलर आणि पुढची पट्टी हाताने ओढून सरळ करा. पाच मिनिटांचं हे काम पुढची पंधरा मिनिटांची इस्त्री वाचवतं.

आता आटण्याबद्दल. सुती कापड आटतं ते बहुतेक पहिल्या दोन-तीन धुण्यांत. सूत कातताना, विणताना ते सतत ताणलेलं असतं. ओलं होऊन गरम हवेत हलायला लागलं की तो ताण सुटतो आणि धागा आपल्या मूळ लांबीकडे परत येतो. टी-शर्ट, बनियन यांचं कापड फाशांनी विणलेलं असतं, म्हणून ते जास्त आटतं. नवीन टी-शर्ट पहिले दोन-तीन वेळा दोरीवरच वाळवा, नंतर कमी उष्णतेवर. शिवायला द्यायचं सुती कापड असेल तर उलटं करा. आधी पाण्यात भिजवून, ड्रायरमधून काढून, आटू देऊन मगच शिंप्याकडे न्या.

माझा बिघडलेला पहिला कपडा फॉल लावलेली सुती साडी. साडी आधी पाच-सहा वेळा धुतलेली होती, तिचं आटणं संपलेलं. फॉल मात्र नवा होता, न भिजवता लावलेला. ड्रायरमधून निघाली तेव्हा काठ सगळा गोळा झालेला, जणू कुणी आतून दोरा ओढून धरला आहे. साडी साडेपाच मीटर आणि फॉल दोन बोटं कमी झालेला. इस्त्रीने काही उपयोग झाला नाही. फॉल उसवून, भिजवून, वाळवून परत शिवावा लागला. तेव्हापासून फॉल आणला की पहिल्यांदा कोमट पाण्याच्या बादलीत.

साडी मुळातच ड्रायरला सोयीची नाही. एवढा लांब कपडा फिरून दोरखंड होतो. रोजची सुती साडी घालायचीच असेल तर एका वेळी एकच, लांबीची चौपदरी घडी करून, कमी उष्णतेवर पंधरा-वीस मिनिटं. मग काढून पंख्याखाली. परकर बिनधास्त घाला, फक्त नाडी गाठ मारून आत खोचा. मोकळी नाडी दुसऱ्या कपड्यांना वेढे घालते.

जीन्स उलटी करून, मध्यम उष्णतेवर. कंबरेची पट्टी आणि खिशांचे कोपरे शेवटपर्यंत दमट राहतात. त्यांच्यासाठी सगळी जीन्स भाजायची नाही. पाय वाळले की बाहेर काढा, कंबर पंख्याखाली वाळेल.

सिंथेटिक आणि शाळेचा गणवेश

गणवेश बहुतेक टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत एकत्र. तो ड्रायरमध्ये छान वाळतो, पण कमी उष्णतेवर. पॉलिएस्टर ७०-८० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं आणि ज्या अवस्थेत थंड होईल तीच अवस्था धरून ठेवतं. गरम असताना ढिगात पडून राहिलं तर तिथली चुणी इस्त्रीलाही सहज दाद देत नाही. हँगरवर थंड झालं तर इस्त्रीची गरजच उरत नाही. म्हणून सिंथेटिक घाणा असला की यंत्र थांबायच्या वेळी आपण घरात असलं पाहिजे. माझी पद्धत अशी: संध्याकाळी गणवेश धुवायचा, अर्धा तास पंख्याखाली निथळू द्यायचा, मग वीस मिनिटं ड्रायर आणि लगेच हँगर.

खेळाचे कपडे, लेगिंग, मोजे, अंतर्वस्त्रं यांत ताणणारा धागा किंवा रबर असतं. उष्णतेने ते सैल पडतं आणि परत ताठ होत नाही. फार तर सगळ्यात कमी उष्णता, जाळीच्या पिशवीत, हूक लावून. खरं तर हे कपडे दोरीवर इतके लवकर वाळतात की ड्रायरला द्यायची गरजच नाही. मायक्रोफायबरची फडकी टॉवेलांबरोबर घालू नका, टॉवेलची सगळी लव त्यांत अडकते.

रेयॉन आणि व्हिस्कोसचे कुर्ते आजकाल घराघरात आहेत. हे कापड ओलं असताना फार नाजूक होतं आणि आटतंही बरंच. ते हँगरवर, सावलीत.

लोकर, रेशीम, जर

लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे बारीक खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घासणं हे तीन एकत्र आले की ते खवले एकमेकांत अडकतात, केस जवळ ओढले जातात आणि परत सुटत नाहीत. धनगर घोंगडी घट्ट करताना याच गुणाचा फायदा होतो. स्वेटरला मात्र तो मारक. ड्रायरमध्ये हे तिन्ही एकत्र हजर असतात. माझ्या आईने हाताने विणलेला मुलाचा निळा स्वेटर मी चुकून टॉवेलांबरोबर घातला. बाहेर निघाला तो बाहुलीला येईल एवढा, जाड आणि ताठ. विणीचे टाके दिसतसुद्धा नव्हते. तो मी अजून कपाटात ठेवला आहे, आणि हात जोडून सांगते, हाताने विणलेली लोकर कधीच ड्रायरमध्ये घालू नका. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, पाणी टॉवेलला लागतं. मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर सपाट पसरायचं, मूळ आकारात हाताने बसवून. दोरीवर लटकवलेला ओला स्वेटर स्वतःच्या वजनाने लांब होतो.

पैठणी, नारायणपेठ, कोणतंही रेशीम, जरीचे काठ, टिकल्या, आरसे, भरतकाम: यंत्रापासून दूर. रेशमाची झळाळी उष्णतेने आणि घासण्याने जाते, जर वळते. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर बहुधा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. दोन्हींचं आटणं वेगळं, त्यामुळे जोडावर चुण्या पडतात. खणाच्या चोळ्याही सावलीतच.

बाळाचे कपडे, उशा आणि पावसाळी वस्तू

दुपटी, झबली, लंगोट यांच्यासाठी पावसाळ्यात ड्रायरसारखा आधार नाही. नेहमीची उष्णता, जाळीच्या पिशवीत, सॉफ्टनर न घालता. छोट्या वस्तू पिशवीत नसतील तर दाराच्या रबराच्या फटीत जाऊन बसतात. दार लावण्याआधी ड्रममध्ये हात फिरवून पाहा. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर दार कायम बंद ठेवा.

फायबरच्या उशा आणि पातळ दुलया कमी उष्णतेवर, सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल. ते आपटत राहतात आणि आतलं भरण फुटून मोकळं होतं. फोमची किंवा रबराची उशी कधीही नको, ती आतून तापून पेट घेऊ शकते. मागे रबर लावलेलं पायपुसणं, प्लास्टिकचा रेनकोट, शॉवर कॅप यांनाही तेच. गोधडी घरच्या ड्रायरला झेपत नाही. जुन्या लुगड्यांचे इतके थर पाणी धरून असतात की ड्रमचा तोल जातो, आणि हाताने घातलेले धावदोरे तुटतात. तिला ऊनच हवं. दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्यात धुवा.

थांबायचं कधी

गरम कपडा हाताला खऱ्यापेक्षा जास्त दमट लागतो. म्हणून यंत्र थांबल्यावर लगेच “अजून ओलं आहे” म्हणून परत अर्धा तास लावू नका. एक कपडा बाहेर काढून दोन मिनिटं हवेत धरा, शिवण आणि काख चाचपा. ती किंचित थंड लागत असेल तर पंख्याखालची पंधरा मिनिटं पुरतात.

ओलावा मोजणाऱ्या यंत्रात ड्रमच्या आत, दाराजवळ, धातूच्या दोन चकचकीत पट्ट्या असतात. बोअरचं जड पाणी आणि सॉफ्टनर यांचा त्यांवर थर बसतो आणि यंत्र चुकीच्या वेळी थांबायला लागतं. महिन्यातून एकदा ओल्या फडक्यावर थोडा व्हिनेगर घेऊन पुसा, मग साध्या पाण्याने.

वाळलेले कपडे जुलैच्या हवेत बाहेर ठेवले तर तासाभरात परत ओलावा ओढतात. थंड झाले की घडी करून कपाटात टाका. गरम असतानाच कपाटात ठेवलेले मात्र आत वाफ धरतात.

जाळी आणि तेल

प्रत्येक घाण्यानंतर जाळी साफ करायची. प्रत्येक. दाराच्या कडेला असलेली ती जाळी बाहेर ओढा, उघडा, आणि वर साठलेला राखाडी, मऊ, लोकरीच्या पातळ चादरीसारखा थर बोटाने एका बाजूने सोलून काढा. नवीन टॉवेलांनंतर तो बोटभर जाड असतो. ही आपल्याच कपड्यांची लव आहे, आणि ती कापसाच्या वातीसारखी पेट घेते. ड्रायरला लागणाऱ्या आगींच्या कारणांत वेळेवर साफसफाई न करणं हे सगळ्यात पुढचं कारण मानलं जातं. अमेरिकेत घराघरात ड्रायर असतात, तिथल्या नातेवाइकांना हे चांगलं ठाऊक असतं. तिथे भिंतीतून बाहेर जाणारा पाइपसुद्धा वर्षातून एकदा साफ करून घेतात. आपल्याकडे पाइप असलेला ड्रायर असेल तर तो काढून, झटकून, आतून पुसून परत लावा. त्याला वाकडीतिकडी वळणं देऊ नका.

जाळी स्वच्छ दिसली तरी एकदा नळाखाली धरा. पाणी आरपार गेलं तर ठीक. वर थबकलं तर सॉफ्टनरचा थर आहे. साबणाने, जुन्या टूथब्रशने घासा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. कंडेन्सरची पाण्याची टाकी प्रत्येक वेळी रिकामी करा. ते पाणी पिण्याचं किंवा स्वयंपाकाचं नाही, लादी पुसायला वापरा.

आता तेल. आपल्या घरात ते फार असतं: बाळाच्या मालिशचं, अभ्यंगाचं, डोक्याचं, स्वयंपाकघरातल्या फडक्यांचं. तेल हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतं आणि त्यातून उष्णता निघते. दोरीवरच्या कपड्यातून ती उडून जाते. ड्रायरमधून गरमागरम काढून ढीग लावलेल्या टॉवेलांत ती आतच कोंडते, वाढत जाते आणि तास-दोन तासांनी ढीग आपोआप धुमसू शकतो. जवस, मोहरी, तीळ ही तेलं यात पुढे, खोबरेल बरंच मागे. पण आपल्या टॉवेलला नेमकं कोणतं लागलं आहे हे कोण तपासत बसणार? धुऊन झाल्यावरही टॉवेलला खवट वास येत असेल तर तेल निघालेलं नाही. तो परत गरम पाण्यात भरपूर डिटर्जंटने धुवा आणि दोरीवर वाळवा. दिवाळीच्या पहाटेचे पंचे आणि मालिशची दुपटी मी ड्रायरमध्ये घालतच नाही. रॉकेल, टर्पेंटाइन, थिनरने डाग काढलेला कपडाही नाही.

याच कारणासाठी प्रत्येक घाण्याच्या शेवटी काही मिनिटं यंत्र गरम न करता नुसती हवा फिरवतं. घाई असली तरी ती मिनिटं तोडू नका. रात्री लावून झोपणं किंवा घराबाहेर जाणं हेही टाळा.

आणि मधेच वीज गेली तर? पावसाळ्यात ती जातेच. दार उघडा, गरम कपडे ताबडतोब बाहेर काढा आणि सुटे सुटे पसरा, खाटेवर, खुर्च्यांवर, जिथे जागा असेल तिथे. ड्रममध्ये तसेच ठेवू नका. वीज आली की कपडे चाचपून, जाळी साफ करून, राहिलेल्या कपड्यांपुरता वेळ नव्याने लावा.